पाडकामाच्या बाई

बाई आधी मारायच्या आणि मग बोलायच्या. आमची ओळखही तशीच झाली. गिरणीच्या साइटवर माझा पहिला दिवस होता. हातात कोरी वही, खिशाला दोन पेनं आणि हेल्मेट काखेत, कारण आदल्याच दिवशी केस कापून घेतले होते. यंत्रमागांच्या जुन्या शेडमध्ये मी जरा ऐटीत शिरलो आणि छताकडे बघत उभा राहिलो. मागून कुणीतरी कॉलर धरून मला खेचलं, गर्रकन फिरवलं आणि अशी एक कानाखाली ठेवून दिली की एक पेन उडून विटांच्या ढिगात गेलं. मी जिथे उभा होतो तिथे पुढच्याच क्षणी वरून वीट येऊन फुटली.

"डोक्यात घाल ते," बाई म्हणाल्या. "आन् मग नाव सांग."

मी तक्रार घेऊन सरळ मॅनेजरकडे गेलो. इंजिनिअर होतो, मार खायला आलो नव्हतो. मॅनेजरने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "एकच बसली? मग आवडलास तू त्यांना." तेवढ्यात बाई दारातूनच ओरडल्या, "मेला असता तर तक्रार द्यायला कोण आलं असतं रं?" दुपारी त्यांनीच मला हाक मारली आणि डब्यातली अर्धी भाकरी ठेच्यासकट हातावर ठेवली. "मार खाल्ला ना, आता भाकर खा." गाल आतून सोलवटला होता, त्यामुळे तो ठेचा मला जन्मभर लक्षात राहील असा झोंबला.

रस्त्यात बांधकाम चाललं असेल तर आपण नाक दाबून पुढे जातो, पण पाडकाम चाललं असेल तर थांबतो. भिंत कोसळताना बघायला आपल्या सगळ्यांना आवडतं, उगाच नाही म्हणू नका. घणाचा दणका, धुळीचा लोट, गर्डर खाली आपटला की पायाखाली बसणारा हादरा. अशा गर्दीत तुम्ही कधी नाशिकरोडला उभे राहिला असाल तर बाईंना तुम्ही नक्की पाहिलं असणार. पन्नाशीची, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. साडीचा काष्टा, वर नवऱ्याचा खाकी शर्ट, पायात कुठल्या तरी कारखान्यातून बाद झालेले बूट. हातात परांचीच्या बांबूचा हातभर तुकडा. तो मोजायलाही चालायचा, दाखवायलाही आणि हाणायलाही.

बाई मूळच्या सायखेड्याच्या. लग्नानंतर नाशिकरोडला वस्तीत आल्या. नवरा पाडकामाचा मुकादम होता. एका गोदामाच्या भिंतीखाली तो गेला, तेव्हा त्याच्या टोळीतले बारा गडी आता कुणाकडे जायचं म्हणून दारात येऊन बसले. दहाव्या दिवशी बाईंनी त्याचा शर्ट अंगात घातला आणि घण उचलला. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं होतं आणि ते त्या कुणालाही ऐकवत, बिल्डरला, पोलिसाला, चहावाल्याला. "माझ्या टोळीतला माणूस मातीखाली जाणार नाय." वर्षानुवर्षं खरोखरच कुणी गेला नव्हता. बोटं चेचली, डोकी फुटली, पण सगळे संध्याकाळी घरी गेले. सगळ्यांच्या अंगावर बाईंच्या बांबूचे वळ मात्र असायचे.

सर्वांत जास्त मार खायचा सोमा. पेठ तालुक्यातला, काटकुळा, पण घण फिरवायला लागला की त्याच्याकडे बघत राहावं. त्याला उंचावर हेल्मेट काढून बिडी ओढायची खोड होती. संध्याकाळी तो बायकोला फोन लावायचा, स्पीकर सुरू करायचा आणि त्या दिवसाचा हिशेब द्यायचा. "आज दोन बसल्या." पलीकडून बायको हसत म्हणायची, "अक्काला सांग, माझ्या वाटच्या आनखी दोन घाल." बाई लांबून ओरडायच्या, "उद्या घालते गं बाई!" या दोघी एकमेकींना एकदाही भेटलेल्या नव्हत्या.

गिरणी सायखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. शंभराहून जास्त वर्षांची दगडी भिंत, आत बिडाचे खांब, वर लोखंडी गर्डर आणि दोन-दोन गर्डरांच्या मध्ये विटांच्या बुटक्या कमानी. तेच छत. कापूस कधीच गेला होता, माग भंगारात गेले होते, आणि एका बिल्डरने ती घेऊन तिच्यात घरं करायचं ठरवलं होतं. साधी घरं नव्हेत, लॉफ्ट. उंच छत, उघड्या विटा, उघडं लोखंड आणि अर्ध्या उंचीवर लाकडी मजला, त्यावर झोपायचं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'इतिहासाच्या कुशीत जागे व्हा.' हे वाक्य मी बाईंना वाचून दाखवलं.

"म्हंजे माळाच की," बाई म्हणाल्या. "आमच्यात माळ्यावर कांदा ठेवत्यात."

"लोक हौसेने राहतात, बाई."

"राहू दे. आन् गिलावा काढून परत नागड्या विटा कशाला ठेवायच्या? घरात आल्यावर माणसाला वाटायचं, काम अर्धवट सोडून मिस्त्री पळाला."

पण काम त्यांनी घेतलं आणि जीव ओतून केलं. नव्या भिंती, जिने, कचेऱ्या पाडायच्या आणि जुनं तेवढं शाबूत ठेवायचं, हे नुसत्या पाडकामापेक्षा फार अवघड असतं. आठ आठ गडी एका वेळी घण घालत. आवाज असा की दातात कळ यायची. त्या गदारोळात बाई फिरायच्या आणि चुकीच्या ठिकाणी घाव बसला की पाठीत बांबू बसायचा. भंगारवाल्याच्या माणसांनी एकदा न विचारता बिडाच्या खांबाला साखळी बांधून गाडी पुढे घेतली. बाईंनी पहार उचलून गाडीची समोरची काच फोडली आणि ड्रायव्हरला शर्टाला धरून त्याच काचेतून अर्धा बाहेर काढला. त्याच्या हाताला सात टाके पडले. त्याला दवाखान्यात घेऊन कोण गेलं? बाईच. रिक्षात त्याला शिव्या देत देत.

त्यांच्या टोळीचा एक कायदा होता. वरचं काही उतरवायचं असेल, तर ज्याने ते उतरवा म्हणून सांगितलं त्याने टेकू लागेपर्यंत त्याच्या खाली उभं राहायचं. साहेब असो, बिल्डर असो. मला वाटलं गंमत करताहेत. मग एकदा मी नकाशा बघून म्हणालो, ही कमान काढायची आहे. बाईंनी दंडाला धरून मला त्या कमानीखाली नेलं. "हितं थांब," म्हणाल्या आणि स्वतः माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. वर सोमाने पहिला घाव घातला. चुन्याची खर माझ्या कॉलरीत गेली. दुसऱ्या घावाला वीट हलली. मी मनात सगळा हिशेब पुन्हा केला, भार कुठून कुठे जातो, शेजारची कमान कुणाला टेकली आहे, आणि तिसऱ्या घावाच्या आत ओरडलो, "थांबवा! आधी पलीकडे टेकू द्या!"

"कॉलेजात हे शिकवत नसतील," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून मी नकाशावर एक रेघ मारायच्या आधी त्या रेघेखाली उभं राहून बघतो. माझ्या धंद्यातलं जे काही मला येतं त्यातलं निम्मं मी त्या बाईंचा मार खाऊन शिकलो, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

त्या कमानी समजावून सांगितल्या त्याही त्यांनीच. दोन गर्डरांना जोडणाऱ्या अंगठ्याएवढ्या जाड सळया छताखालून आडव्या गेलेल्या होत्या. बाईंनी भिंतीशी पाय फाकून दाखवले. "कमान अशी असती. वजन आलं की पाय फाकवती. ही सळई तिचे पाय धरून बसल्याली हाय. सळई गेली की बाई बसली." आणि खरोखर त्या धपकन खाली बसल्या. गडी हसले. त्या उठल्या आणि पहिल्या हसणाऱ्याला एक ठेवून दिली.

भांडण त्या सळयांवरूनच झालं. नमुन्याचा एक लॉफ्ट आधी तयार करून दसऱ्याच्या मुहूर्तावर लोकांना दाखवायचा होता. लाकडी मजला झाला, पलंग चढला, आणि मॅनेजर पलंगावरून उठायला गेला तर सळई त्याच्या कपाळावर. नमुन्याच्या घरात अशा चार सळया होत्या. संगणकावर काढलेल्या चित्रात त्या नव्हत्याच, कारण चित्र काढणाऱ्याला त्या दिसायला बऱ्या वाटल्या नव्हत्या. मॅनेजर म्हणाला, "गिऱ्हाईक सकाळी उठलं की टाळकं आपटणार. कापून टाका."

"कापते," बाई म्हणाल्या. "तुम्ही खाली उभं राहा."

"बाई, गंमत नको. शंभर वर्षं उभी आहे ही बिल्डिंग."

"ह्या सळयांमुळंच उभी हाय. उभं राहा, मी सोता कटर धरते."

मॅनेजर उभा राहिला नाही. तो माझ्याकडे वळला. मी सांगितलं की खाली नवा गर्डर टाकल्याशिवाय कापता येणार नाहीत. "किती दिवस?" त्याने विचारलं. मी म्हणालो, महिना. दसऱ्याला नऊ दिवस होते. तो निघून गेला आणि मला वाटलं विषय संपला.

खंडेनवमीला टोळीतले गडी हत्यारांची पूजा करायचे. घण, छिन्न्या, पहारी धुऊनपुसून ओळीने मांडायचे, हळदकुंकू, झेंडूची माळ. त्या दिवशी आणि दसऱ्याला कुणी हत्याराला हात लावत नसे. बाई स्वतः बौद्ध, त्या पूजेला बसत नसत, पण झेंडू त्याच आणून द्यायच्या आणि वर ऐकवायच्या, "हळद लावा, पण आधी दांडा घट्ट हाय का बघा." आणि त्याच दिवशी त्या नागपूरच्या गाडीत बसायच्या. दसऱ्याला दीक्षाभूमी, हा त्यांचा नेम एका वर्षी चुकला नव्हता. म्हणजे वर्षातले हे दोनच दिवस असे होते की साइटवर बाई नाहीत आणि टोळीचा घणही नाही. हे मॅनेजरला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं.

खंडेनवमीला दुपारी त्याने भंगारवाल्याकडून गॅसकटरवाला बोलावला. मला फोन करून म्हणाला, "फक्त जागा दाखव. बाकी जबाबदारी माझी." मी गेलो. नाही म्हणालो असतो तर नोकरी गेली असती, आणि मी नोकरीत नवा होतो, घरी मी एकटाच मिळवता होतो. ही कारणं खरी आहेत. तरी मी शिडीवर चढून चारही सळयांवर खडूने खुणा केल्या, हेही खरं आहे. कटरच्या ठिणग्या लाकडी मजल्यावर पडत होत्या. शेवटची सळई तुटली तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला आणि तिचं टोक उसळून भिंतीत घुसलं. कटरवाला घाबरून खाली उतरला. "साहेब, ये तो खिंचा हुआ था, इस पे वजन था," तो म्हणाला. मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

दसऱ्याला लोक नटूनथटून आले. आपट्याची पानं, पेढे, कॉफी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नमुन्याच्या घरात गेलो तर साफसफाईची मुलगी पांढऱ्या सोफ्यावरून गुलाबी पूड झटकत होती. "काल पण होती, सर. वरून येते." विटांच्या सांध्यांमधली ती पूड होती. म्हणजे वर काहीतरी सरकत होतं. मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, जुनी बिल्डिंग आहे, धूळ येणारच, आणि अकरा वाजता पंधरावीस माणसं यायची आहेत.

अकरा वाजता माणसं आली आणि साडेअकराला बाई आल्या. स्टेशनवरून थेट, खांद्यावर पिशवी, अंगावर पांढरी साडी, प्रवासाने मळलेली. सोमाने फोनवर सळया गेल्याचं सांगितलं होतं. त्या दारात थांबल्या. आधी त्यांनी सोफ्यावरून बोट फिरवून बोटाकडे बघितलं आणि मग वर. मी कॉफीच्या टेबलाशी उभा होतो. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि पुढे काय होणार ते मला कळलं.

"भाईर व्हा!" त्या ओरडल्या. "समदे भाईर!"

कुणी हललं नाही. कामावरची कुणी बाई चढवून आली असावी, असं एकाने हसत म्हटलंसुद्धा. मग बाईंनी परांचीचा अख्खा बांबू उचलला. पहिला फटका कॉफीच्या टेबलावर बसला, कपांचा चुरा झाला. दुसरा काचेच्या भिंतीवर. बायका किंचाळल्या. बाईंनी एकीचा हात धरून तिला फरफटत दाराबाहेर काढलं, परत आल्या, दुसरीला काढलं. एक निवृत्त गृहस्थ "अहो, हे काय चाललंय" म्हणत त्यांच्या आडवे आले. त्यांच्या मनगटावर बांबू बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या जागेवरून आला. लाकडी मजल्यावर एक जोडपं पलंगावर बसून फोटो काढत होतं. बाई जिना चढून गेल्या आणि दोघांना मानेला धरून खाली ढकललं. मॅनेजर धावत आला तेव्हा त्याच्या कपाळावर त्यांनी असा तडाखा दिला की तो रक्ताने माखला आणि खाली बसला. "पाय सुटलेत कमानीचे! मरायला बसलात काय रं!" त्या ओरडत होत्या, रडत होत्या आणि मारत होत्या. चार सुरक्षारक्षकांनी त्यांना जमिनीवर पाडलं तेव्हा घर रिकामं झालेलं होतं. एक रक्षक त्यांच्या पाठीवर गुडघा रोवून बसला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "सांग की रं त्यांना," म्हणाल्या.

छत पडलं नाही. त्या क्षणी पडलं असतं तर बाई देवमाणूस ठरल्या असत्या. ते पडलं नाही, म्हणून गुन्हेगार ठरल्या.

पोलीस ठाण्यात मला एकच प्रश्न विचारला गेला. "तुम्ही इंजिनिअर. त्या सळया कापल्यामुळे छताला धोका होता का?" मॅनेजर डोक्याला पट्टी बांधून शेजारी बसला होता. बाई समोरच्या बाकड्यावर होत्या, पांढऱ्या साडीवर मॅनेजरचं रक्त. मी म्हणालो, "नाही. त्या सळया म्हणजे शोभेच्याच होत्या." बाई मला मारायला उठतील असं वाटलं. उठल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पदराने हात पुसत बसून राहिल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी एकटा वर चढून गर्डर मोजला. जागेवरून दोन बोटं बाहेर सरकला होता. आता मात्र मॅनेजरही घाबरला. घर बंद केलं, आठवड्याच्या आत लोखंडी टेकू लावले, मग महिनाभरात नवे गर्डर टाकले आणि टेकू झाकायला बाहेरून लाकडी फळ्या ठोकल्या. नव्या माहितीपत्रकात त्यांना 'सागवानी स्तंभ' म्हटलं आहे. घरं विकली गेली. आज तिथे लोक राहतात, झोपतात, पोरं वाढवतात. बाईंनी सांगितलं तेच सगळं केलं गेलं आणि हे बाईंना कुणी कळवलं नाही. मीही नाही.

बाई जामिनावर सुटल्या, पण गिऱ्हाइकाचं हाड मोडणाऱ्या बाईला नाशिकात कोण काम देणार? टोळी फुटली. कुणी गावी गेला, कुणी गवंड्याच्या हाताखाली. सोमा आणि तिघे दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे लागले. त्याला काम लवकर उरकायचं असायचं, म्हणून तो भिंत खालून पोखरायला लावायचा, मग ती एकदम आडवी होते. बाईंच्या टोळीत भिंत नेहमी वरून खाली, एकेका थराने उतरायची. खालून पोखरणाऱ्याचा हात त्यांनी बांबूने सुजवला असता.

सात-आठ महिन्यांनी, भर दुपारी, टोळीतल्या एकाचा मला फोन आला. अंबडला एका बंद कारखान्याची भिंत सोमावर पडली होती. मी पोचलो तोवर त्याला सिव्हिलला नेलं होतं, पण नेण्यात काही अर्थ उरला नव्हता. भिंतीचा अर्धा भाग पडलेला, अर्धा झुकलेला. कंत्राटदार लांब उभा राहून फोनवर बोलत होता. आणि झुकलेल्या भिंतीशी परांचीवर चढून बाई एकट्या घण घालत होत्या.

त्या सर्वांत वरचा थर फोडत होत्या. एक वीट, मग दुसरी. केस सुटलेले, तळहात फाटून दांडा लाल झालेला. प्रत्येक घावाला तोंडातून एक आवाज निघायचा, शिवी म्हणावी तर शब्द नव्हता. कंत्राटदाराचा माणूस त्यांना उतरवायला जवळ गेला, तर त्यांनी वीट फेकून त्याचा गुडघा फोडला. मग कुणी गेलं नाही. मी खाली जाऊन उभा राहिलो. महिनोन् महिने मनात घोळवलेलं सगळं माझ्या तोंडून भलत्या वेळी बाहेर पडलं.

"बाई, मी ठाण्यात खोटं बोललो. गर्डर सरकला होता. तुमचंच खरं होतं."

"ठावं हाय मला," त्या वरून म्हणाल्या. घण थांबला नाही. "विटा बाजूला कर. पायात येत्यात."

मी दुपारभर विटा वाहिल्या. टोळीतले बाकीचे तिघेही आले आणि कामाला लागले. उन्हं उतरली तेव्हा ती भिंत जोत्यापर्यंत खाली आली होती. बाई उतरल्या, टाकीच्या पाण्याने तोंड धुतलं आणि विचारलं, "त्याच्या बायकोची गाडी किती वाजता येती?"

पुढे मी खरा जबाब लेखी दिला. त्याने माझी नोकरी गेली आणि ती केसही ढिली पडली, पण कोर्टाचा कागद बाईंच्या पत्त्यावरून परत आला. खोलीला कुलूप होतं. कुणी म्हणतं लेकीकडे गेल्या, कुणी म्हणतं सायखेड्याला. मी दोन्हीकडे जाऊन आलो. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सोमा गेला त्या संध्याकाळीच, एसटी स्टँडवर.

पेठची गाडी लागली. सोमाची बायको उतरली, कडेवर लहानगं, बरोबर दीर. तिला अजून कुणी नीट सांगितलं नव्हतं, लागलंय एवढंच सांगितलं होतं. बाई पुढे झाल्या. "मी अक्का," म्हणाल्या. बायको त्यांच्या हातांकडे बघत राहिली. त्या हातांवर अजून विटांची लाली होती. काय झालंय ते ती ओळखून चुकली. तिने मूल दिराकडे दिलं आणि बाईंच्या तोंडावर मारलं. मग छातीवर, मग डोक्यावर, दोन्ही हातांनी, बांगड्या फुटेपर्यंत. "तुझ्या भरवशावर धाडला व्हता मी! तुझ्या भरवशावर!" लोक जमले. मी सोडवायला पुढे झालो तर बाईंनी हाताने मला मागे सारलं. बिल्डरांपासून पोलिसांपर्यंत कुणालाही न भिणारी ती बाई दोन्ही हात खाली सोडून उभी होती. ओठ फुटला, तरी तोंड चुकवलं नाही. मारून मारून सोमाच्या बायकोचे हात गळाले आणि ती त्यांच्या अंगावरच कोसळली. बाईंनी तिला सावरलं, खाली बसवलं, स्वतः शेजारी जमिनीवर बसल्या आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.